मानेवालीचे केस

बाबांच्या अंत्यविधीला जे जे आले होते त्यांच्या घरी परतभेटीची चहाची पुडी पोचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं. हिकोझोकाकांची पुडी मी शेवटची ठेवली होती. ते आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात आणि त्यांच्याकडे गेलं की लवकर सुटका होत नाही. बाबा फळ्या कोरायचे, हिकोझोकाका त्या छापतात. बाबांनी कोरलेली प्रत्येक बाई त्यांच्या हाताखालूनच कागदावर उतरली.

त्या दिवशी ते ओलसर कागद एकावर एक रचत बसले होते. मी पुडी पुढे ठेवली, वाकले, आणि मान वर करताना मला भिंतीला टेकवलेली फळी दिसली. ती मी नुसत्या हाताने चाचपूनही ओळखली असती. पाठमोरी बसलेली बाई, खांद्यावरून उतरलेला किमोनो, वर बांधलेला अंबाडा. आणि अंबाड्याखाली, मान आणि केस जिथे एकमेकांना भेटतात तिथे, एक चौकोनी खड्डा.

"हे काय?"

"काय म्हणजे? नव्या लाकडाचं ठिगळ बसवायचंय." हिकोझोकाकांनी कागदावरची नजर काढली नाही. "केस मोडले होते गं. मागच्या खेपेला मानेवर नुसतं शाईचं थारोळं उमटत होतं. एक गिऱ्हाईक तर म्हणालं, बाई न्हाऊन आलीय म्हणता, मग मान धुवायची राहिली वाटतं."

"कोणी काढलं?"

"उनोने. आणखी कोण काढणार? मिनेयाशेठने सांगितलं, त्याने काढलं. सफाई बघ कशी आहे. कड कुठे फुटली आहे का?"

"आणि काढलेला तुकडा?"

"तुकडा कसला? ते छिलून काढतात. भुसा होतो."

"शेगडीत गेला असेल," आतून ताकीकाकूंचा आवाज आला. "चेरीचं लाकूड छान जळतं. ओतोसे, जेवून जा. मुळा घातलाय."

मी जेवायला थांबले नाही. पण लगेच उठूनही गेले नाही. त्या खड्ड्यात बोट घातलं. तळ गुळगुळीत होता. बाबांच्या शिष्याचं, उनोकिचीचं, काम नेहमीच नीटनेटकं असतं.

आमच्या धंद्यात चित्रकार बाईचं तोंड काढतो, किमोनो काढतो, पण केस काढत नाही. केसांची फक्त कड दाखवतो आणि आत शाईचा एक फराटा ओढून सोडून देतो. इथे केस आहेत, एवढंच तो सांगतो. पुढचं कोरणाऱ्याने बघायचं. चित्राचा कागद फळीवर उलटा चिकटवतात, आणि कपाळापाशी, कानापुढे, मानेवर एकेक केस लाकडात उभा ठेवून दोन केसांमधलं लाकूड काढून टाकतात. मानेवरचा केस टोकाकडे जाता जाता नाहीसा झाल्यासारखा वाटला पाहिजे आणि तरीही छापताना कागदावर फिरणाऱ्या घासणीखाली मोडता कामा नये. हे काम कोणालाही देत नाहीत. किमोनोवरची फुलं, पडदे, बादल्या, सगळं शिष्य कोरायचे. बाबा डोकी कोरायचे. म्हणून चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, चित्रकाराच्या सहीपासून जरा अंतर राखून, एका लहानशा चौकटीत त्यांचं नाव असे: होरीजिन. कोरणारा जिन. त्यांचं खरं नाव जिनपाची. सगळ्या एदो शहरात ज्यांचं नाव चित्रावर छापतात असे कोरणारे हाताच्या बोटांवर मोजावेत.

या चित्राला छापलेलं नाव आहे 'सायंस्नान', पण दुकानात येऊन ते नाव कोणी घेत नाही. लोक म्हणतात, ती मानेवाली द्या. मानेवाली झाली ती बाबांच्या केसांमुळे.

"काका," मी म्हटलं, "केस उनोचे बसणार असतील तर बाबांचं नाव काढा."

आता मात्र त्यांनी वर पाहिलं.

"नाव काढा? अगं, माणसं नाव घालायला मरतात."

"ज्यासाठी नाव होतं तेच राहिलं नाही."

"हे मला सांगून काय उपयोग? मी छापणारा. फळीवर असेल ते कागदावर येतं, नसेल ते येत नाही. मिनेयाकडे जा. आणि जाताना तोंड जरा सरळ कर, नाहीतर तो समजेल मयताचा खर्च मागायला आलीय."

मिनेयाचं चित्रांचं दुकान पुलापलीकडे आहे; फळ्या त्यांच्या मालकीच्या, चित्रं तेच छापवून घेऊन विकतात. मालक सोएमोनशेठ स्वतः बाहेर आले, मला आत बसवलं, चहा मागवला. ते सगळ्यांशीच गोड बोलतात. बाबा म्हणायचे, मिनेया नाही म्हणतो तेव्हासुद्धा आपण आभार मानून बाहेर पडतो.

"एवढ्या दुःखात इतक्या लांब चालत आलात," शेठ म्हणाले. "निरोप धाडला असता तर मीच आलो असतो."

मी काय ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि त्यामुळेच मला आधीच कळून चुकलं की काही होणार नाही.

"ओतोसेबाई, एक विचारू? मोडके केस तसेच छापले असते तर तुमच्या वडिलांना चाललं असतं?"

"नाही."

"म्हणजे ठिगळ हवंच."

"ठिगळाबद्दल माझं म्हणणं नाही, शेठ. नावाबद्दल आहे."

"पण कान त्यांचा आहे ना? गालाची रेघ त्यांची आहे ना?"

"गालाची रेघ दोन बोटांची आहे. ती चित्रकाराची. बाबा फक्त तिच्यावरून गेले."

"तेही खरं." त्यांनी मान डोलावली. त्यांना माझं म्हणणं पटत होतं, हेच मला सहन होईना. "पण बघा, ते गेल्यापासून रोज कोणी ना कोणी विचारत येतं, होरीजिनची मानेवाली आहे का? हे बोलताना मला बरं वाटत नाही. पण आहे ते असं आहे."

"मग नवी फळी कोरून घ्या. पूर्ण उनोकिचीकडून. त्याचं नाव घालून."

"मूळ चित्र कुठून आणू? ते फळीवर चिकटवलं तेव्हाच संपलं. चित्रकार ओसाकाला जाऊन बसलेत, पत्राला उत्तर देत नाहीत. आणि उनोकिची..." ते थांबले. "उनोकिची कोण?"

"बाबांचा शिष्य. तुम्ही ओळखता त्याला."

"मी ओळखतो हो. गिऱ्हाईक ओळखत नाही."

निघताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. मी आभार मानले. पुलावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी आभार मानले.

माझ्याकडे मानेवालीचा पहिल्या छपाईचा एक कागद आहे. त्यामुळे ते केस मला पुन्हा दिसणार नाहीत असं काही नव्हतं. घरात देवघरापुढे बाबांची नवी पाटी आहे. तिच्यावर देवळातून आलेलं त्यांचं मेल्यानंतरचं नाव आहे, लांबलचक, भारदस्त. भिक्खूंनी ते दोनदा वाचून दाखवलं तरी मला पाठ झालं नाही. त्यात जिन नाही. हिशेबापुरतं, बोलण्यापुरतं जे नाव होतं ते आता वापरायचं नाही. ते फक्त चित्रांच्या कोपऱ्यात उरलं, आणि तिथे ते खोटं असू नये असं मला वाटत होतं. मला एवढंच हवं होतं.

एवढंच हे तितकंसं खरं नाही. एक गोष्ट मी शेठना सांगितली नाही, सांगता आली नसती.

दोन वर्षांपूर्वी, भूकंपानंतर घराची डागडुजी होऊन आम्ही परत राहायला आलो तेव्हाची गोष्ट. एका सकाळी बाबा म्हणाले, "शिवण घेऊन खिडकीशी बस. पाठ माझ्याकडे कर." मी विचारलं, का? "उजेड अडतो," म्हणाले. उजेड कुठून येतो आणि कुठे अडतो हे मला कळत होतं, पण मी बसले. त्यांच्या सुरीचा आवाज थांबे, बराच वेळ थांबे, मग परत सुरू होई. मी एकदा वळले तर ओरडले, "हलू नकोस." जेवणाच्या वेळेपर्यंत मी एका बाहीची शिवण दोनदा उसवली.

चित्र छापून आलं तेव्हा मी मानेवालीकडे नीट पाहिलं. बाकीचे केस असावेत तसे सरळ खाली उतरत होते, आणि उजव्या बाजूला तीन केस शिस्त मोडून भलतीकडे वळले होते. माझ्या मानेवर असे केस आहेत. आईला ते तेल लावूनही बसवता यायचे नाहीत. पण माझे डावीकडे आहेत. मी हात लावून पाहिला. डावीकडेच. म्हणजे ही कोणीतरी दुसरी, असं मी स्वतःला सांगितलं, आणि थोडी हिरमुसलेसुद्धा.

नंतर कधीतरी तांदूळ निवडता निवडता मला उमगलं. बाबांनी जन्मभर फळीवर चिकटवलेल्या उलट्या कागदावरून कोरलं होतं. जिवंत माणसाकडे बघून त्यांनी कधीच कोरलं नव्हतं. त्या सकाळी ते माझ्याकडे बघत राहिले, जे डावीकडे दिसलं ते फळीवर डावीकडे कोरलं, आणि कागदावर उतरताना सगळं उलटतं, हे त्यांच्या ध्यानातून गेलं. ज्यांचा हात झोपेतही उलट चालायचा, ते बाबा. मी हे त्यांच्याकडे कधी काढलं नाही. त्यांनीही नाही. आपली मान आपल्याला दिसत नाही. माझी मी त्या एका चित्रातच, ती पण उलटी, पाहिली.

चार-पाच दिवसांनी मी उनोकिचीकडे गेले. तो खिडकीशी बसला होता, गुडघ्याशी फळी, खड्ड्यात नवं लाकूड बसवलेलं. ते इतकं घट्ट बसलं होतं की सांधा शोधावा लागत होता. केस जवळजवळ पुरे झाले होते.

मला बघून त्याने सुरी खाली ठेवली. "शिव्या द्यायला आलात ना, ताई? द्या. काकांनी सांगितलंय मला."

"शिव्या कशाला देऊ? तुझं नाव घालून घे, एवढं सांगायला आलेय. तू हट्ट धरलास तर शेठ ऐकेल. त्याला दुसरा कोरणारा कुठे मिळतोय?"

"माझं नाव?" तो खरोखर दचकला. "उस्तादांच्या फळीवर?"

"केस तुझे आहेत."

"किमोनोही माझाच आहे. बादली माझी. मागचा पडदा माझा. दहा वर्षं उस्तादांच्या नावाखाली माझंच काम छापलं जातंय, तेव्हा तुम्ही कधी आला नाहीत सांगायला."

तो टोमणा नव्हता. तो नुसतं सांगत होता, म्हणून जास्त लागलं.

"केस तेवढे त्यांचे होते," मी म्हटलं. "की तेही नव्हते?"

"ताई!" तो इतका चिडला की शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं. "केस त्यांचेच. प्रत्येक केस. मी समोर बसून बघितलेत. मला हे कोरायला आवडतंय असं वाटतं का तुम्हाला? रात्री जेवण जात नाही."

मी फळी जवळ ओढली. फळीवर उलटं वाचायची सवय मला लहानपणापासून आहे. सुंदर काम होतं. केस एकसारखे, टोकाकडे विरत जाणारे, एका ओळीत, जसे कोणी नुकतेच विंचरून बसवले आहेत. मी बाजूचे तीन शोधले. नव्हते.

"इथे तीन केस होते. वळलेले."

"हो. ते घेतले नाहीत."

"का?"

तो अवघडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ती चूक होती, ताई. बाईने कंगवा डावीकडे खोवलाय, अंबाड्याला ओढ डावीकडची. केस सुटले तर डावीकडचे सुटतील. उजवीकडचे कसे सुटतील? उस्ताद असं कधी करत नसत. डोळे थकले होते त्यांचे. मी तेव्हाच बघितलं होतं, पण बोलायची छाती झाली नाही. आता परत त्यांच्या नावाखाली ती चूक छापायची? मी सरळ केली. कोणाला कळणार नाही."

"ते तसेच ठेवायचे होते."

"चूक?"

"हो. चूक. त्यांची होती ना?"

"म्हणूनच तर झाकायची. मी नाही झाकणार तर कोण झाकणार?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. शाबासकी मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. मी त्याला सांगू शकले असते, ती चूक नव्हती. किंवा चूक होती, पण डोळ्यांची नव्हती. मी मागे वळून किमोनोचा गळा खाली ओढला असता आणि मानेवरचे केस दाखवले असते. मग तो बिचारा रडला असता, परत खड्डा पाडायला निघाला असता, आणि शेठ म्हणाले असते, ओतोसेबाई, लाकूड दोनदा पोखरलं तर फळी फुटते. आणि उद्यापासून सगळ्या गल्लीने माझी मान बघितली असती. मी वरवर चार गोष्टी बोलून निघून आले.

घरी येऊन मी पुस्तक घेऊन बसले. फिरत्या वाचनालयवाल्याकडून आणलेलं, परत द्यायची मुदत टळलेलं. जे पान मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं असेल ते त्या दिवशीचं. त्यात काय होतं ते मला आज आठवत नाही.

दोन दिवसांनी हिकोझोकाकांनी पहिला कागद काढल्याचं कळलं. जाताना मी बाबांची बारीक सुरी कापडात गुंडाळून कमरेच्या पट्ट्यात खोचली. काय करणार हे मला ठाऊक होतं, पण आधी सरळ विचारून बघायचं ठरवलं होतं.

"काका, तुम्ही नावावर शाई लावू नका. कुंचला तेवढा चुकवायचा. एवढंच."

"हजार कागद?" ते हसले. "माझा हात आता माझं ऐकत नाही, तुझं काय ऐकणार? दहा कागद चुकवेन, अकराव्याला हात आपोआप जाईल. मग दहा कागदांवर नाव नाही, बाकीच्यांवर आहे. मिनेया माझी चामडी सोलेल."

"तुम्हाला पटतंय का, पण? खरं सांगा."

"पटण्याचं काय? हे बघ." त्यांनी वाळत घातलेला कागद माझ्यापुढे धरला. मानेवाली. मान स्वच्छ, केस विंचरलेले. "वाईट आहे? तूच सांग. तुझ्या बापाच्या तोडीचं आहे की नाही?"

"आहे."

"मग? जिन गेला, पण मागे हात ठेवून गेला, असं म्हणायचं आणि गप्प बसायचं. तू पुस्तकं वाचतेस ना, त्याने डोकं फिरतं."

"तिचं लग्न टिकलं असतं तर असलं काही डोक्यात यायला वेळ मिळाला नसता," ताकीकाकू म्हणाल्या. त्यांनी ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. त्या नेहमीच तसं म्हणतात.

तिसऱ्या प्रहरी काका पंचा खांद्यावर टाकून सार्वजनिक न्हाणीत गेले. काकू मागे विहिरीवर होत्या. मी फळीपुढे बसले.

लाकूड इतकं टणक असेल असं वाटलं नव्हतं. बाबांच्या हाताखाली ते साबणासारखं निघायचं. नावाची चौकट माझ्या करंगळीच्या नखाएवढी. मला वाटलं होतं एका दमात होईल. सुरी निसटली आणि चौकटीबाहेर एक ओरखडा गेला, बादलीच्या तळाशी. मग मी हळू केलं. आधी चौकटीची वरची कड गेली. मग 'होरी'. 'जिन' शेवटी. त्याचा भुसा काळा होता, शाई आत मुरलेली. मी तो फुंकला नाही. ओल्या बोटाने टिपून घेतला आणि कापडात ठेवला. मग त्या कापडाचं काय करायचं ते कळेना म्हणून पट्ट्यात खोचलं.

काका परत आले ते लाल, वाफाळलेले, गाणं म्हणत. फळीकडे बघून गाणं थांबलं.

"तू?"

"हो."

"बापाचं नाव? स्वतःच्या हाताने?" त्यांनी फळी उजेडात धरली, परत खाली ठेवली, परत उचलली. "अजून एकोणपन्नासावा दिवस झाला नाही त्याचा! अगं, त्याचा जीव अजून घराभोवती फिरत असेल. बघत असेल तो!"

"बघू दे. त्यांना कळेल."

"काय कळेल? मला कळत नाही, त्याला कळेल?" ते इतके ओरडले की काकू हातातला घडा ठेवून धावत आल्या. "नाव खरवडतात ते गुन्हेगाराचं! चोराचं! जिनने काय चोरलं होतं?"

मी वाकून क्षमा मागितली आणि घरी आले. मिनेयाशेठ येतील, नुकसान भरून मागतील, गल्लीच्या पंचांपुढे उभं करतील, याची मी वाट पाहत होते. खरं म्हणजे ते यावेत असं मला वाटत होतं. मला भांडायचं होतं. पंचांपुढे मी काय बोलेन ते मनात जुळवून ठेवलं होतं, आणि चांगलं जुळलं होतं.

शेठ आले नाहीत. त्यांच्या दुकानातला कारभारी लाल चवळीच्या गोड वड्यांचा डबा घेऊन आला. शेठनी सांगितलंय, दुःखाच्या भरात माणसाच्या हातून काय होईल सांगता येत नाही. मनाला लावून घेऊ नका. प्रकृतीला जपा.

मी डबा ठेवून घेतला. परत करणं शोभलं नसतं.

वर्ष संपायच्या सुमारास पुलापलीकडच्या दुकानात मानेवाली टांगली गेली. मी गेले नसते, पण तेल आणायला त्याच रस्त्याने जावं लागतं. दुकानापुढे गर्दी होती, सणाचे कागदी पतंग, नव्या वर्षाची चित्रं. गर्दीत उनोकिची उभा होता. मला पाहून त्याने जागा करून दिली. आम्ही दोघं बघत राहिलो.

कोपऱ्यात चौकट होती. होरीजिन.

त्याने तिथेही ठिगळ बसवलं होतं. बादलीवरचा माझा ओरखडा गेला होता. नावातला शेवटचा फराटा बाबा किंचित आखूड ठेवायचे. तोही आखूडच होता.

"उनो."

"शेठनी सांगितलं, ताई."

"तू नाही म्हणाला असतास तर?"

"दुसऱ्याकडून करून घेतलं असतं. त्याने कसंतरी केलं असतं."

आमच्यापुढे एक गृहस्थ बायकोला घेऊन उभा होता, जाड कापडाचा अंगरखा, गावाहून आलेला पैसेवाला. त्याने चित्र खाली काढायला लावलं आणि बायकोच्या नाकापुढे धरलं.

"बघ. याला केस म्हणतात. होरीजिनचे. मेला बिचारा, आता असा हात होणे नाही. मोजून घे, एकेक वेगळा आहे."

"मोजत बसू? घरी जायचं नाही का?" बायको म्हणाली. "आणि नुसती पाठ काय बघता? पुढून कशी आहे कोणाला ठाऊक."

"हे केस होरीजिनचे नाहीत," मी म्हटलं.

दोघं वळले. माझा आवाज हवा त्याहून मोठा झाला होता.

"काय म्हणालात?"

"केस यांनी कोरलेत. हे उनोकिची. यांचं नाव खाली नाही, पण केस यांचे आहेत. विचारा."

गृहस्थाने उनोकिचीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. विटलेला अंगरखा, कोपरावर ठिगळ, चिंधी बांधलेला अंगठा. "तुमचे?"

उनोकिचीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. क्षणभर वाटलं, आता म्हणेल. मग तो कमरेपासून वाकला.

"नाही हो मालक. होरीजिन माझे उस्ताद. या त्यांच्या कन्या. नुकतेच गेलेत ना उस्ताद, म्हणून जरा..." त्याने वाक्य तिथेच सोडलं.

"अगं बाई," त्या बाई म्हणाल्या आणि माझा हात धरला. त्यांचा हात ऊबदार होता. "असं होतं हो. माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्या जागेवर कोणाला बसू देत नव्हते. नवऱ्यालासुद्धा."

"अजून बसू देत नाही," गृहस्थ म्हणाला. मग जरा गंभीर होऊन माझ्यापुढे मान लववली. "खुद्द होरीजिनची मुलगी. मग तर दोन घेतो. एक भावाला."

दोन कागद गुंडाळले गेले. बाईंनी जाताना परत माझा हात दाबला.

मी झपझप दुकानापासून दूर आले. उनोकिची मागे येत होता. पुलाच्या अलीकडे मी थांबले.

"हो म्हणायला काय जात होतं तुझं?"

"मी हो म्हटलं असतं तर त्यांनी चित्र परत टांगलं असतं, ताई."

"टांगू दे!"

"मग माझे केस कोणी बघितलेच नसते." तो पायाकडे बघत होता. "दहा वर्षांत आज पहिल्यांदा माझ्यासमोर कोणी म्हणालं, मोजून घे. एकेक वेगळा आहे, म्हणालं."

त्याला हसू येत होतं. ते माझ्यापुढे दिसू नये म्हणून त्याची इतकी धडपड चालली होती की ओठ वाकडे झाले होते. त्या माणसाला मी काय बोलणार? त्याला शिव्या द्याव्यात तर त्याने माझं काही घेतलं नव्हतं, आणि शाबासकी द्यावी तर ती माझ्याकडे नव्हती. पंचांपुढे बोलायला जुळवलेलं सगळं भाषण मला अजून पाठ होतं. पुलावरून सामानाच्या गाड्या जात होत्या, कोणी तरी आम्हाला बाजूला व्हा म्हणून ओरडलं.

"तू हो पुढे," मी म्हटलं. "मला आज तुझ्याबरोबर चालायचं नाही."

"ताई..."

"जा, उनो."

तो वाकला आणि गेला. आमची घरं एकाच बाजूला आहेत. त्याला पुरेसा पुढे जाऊ द्यायचा म्हणून मी उलट्या दिशेला वळले, कालव्याच्या कडेने लांबचा फेरा घातला, आणि तेल न घेताच घरी आले.